ईस्टरच्या बरणीतून फुलपाखरू निघालंच नाही... आता पोरांना काय सांगू?

कढीलिंब | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत (संडे स्कूल हो) पहिली ते पाचवीची पोरं घेते. राहायला पुण्यात, मूळची नगरकडची. दरवर्षी ईस्टरला तेच ते, कबरेवरचा सरकवलेला दगड रंगवा, अंडी रंगवा, खाऊ घ्या नि घरी जा. यंदा म्हटलं काहीतरी खरंखुरं दाखवू. अळी, कोष, फुलपाखरू, म्हणजे मरण, कबर आणि पुनरुत्थान. आमच्या शिक्षक-पुस्तकात हा धडा आहेच (पुस्तक बाहेरच्या देशातलं, भाषांतर केलेलं, त्यात बर्फाचे कण पण आहेत आणि मेपलची पानं पण), फक्त तिथे चित्र आहे आणि माझ्या गॅलरीत कढीलिंबाची कुंडी आहे, म्हटलं जिवंतच दाखवू की.

कुंडीत अळ्या होत्याच. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळीपांढरी, ओलसर चकाकणारी. पहिल्या वर्षी मी फडकं घेऊन पुसायला गेले होते! मोठी झाली की हिरवीगार होते आणि काडीने जरा डिवचली की डोक्यामागून दोन शेंदरी शिंगं बाहेर काढते आणि असा काही उग्र वास सोडते की बास. पोरं फिदा. एकाने नाव ठेवलं लाजर, कारण बायबलमधला लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला होता. मला तर आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आसपास लाजरने कोष केला. दोन दिवस कुंडीतच राहू दिला (हीच चूक झाली बहुतेक), मग काडीसकट बरणीत ठेवला, वर मलमलचं फडकं बांधलं. ईस्टरच्या सकाळी कोष काळपट पडलेला, मी वाचलं होतं की फुलपाखरू निघायच्या आधी तो काळपट होतो, म्हणजे टायमिंग एकदम परफेक्ट. सतरंजीवर मधोमध बरणी, भोवती सगळी पोरं, मी प्रार्थना करतेय डोळे मिटून आणि मधेच एकजण ओरडला, "टीचर, माशा!"

कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं आणि त्यातून एकेक करून तिळाएवढ्या, हिरवट-काळ्या चकचकीत माशा बाहेर येतायत. वीस-पंचवीस तरी होत्या. सगळे गप्प. मग चौथीतल्या एकाने विचारलं, "टीचर, लाजरला आतून खाल्लं का?" आणि पहिलीतली एक रडायला लागली.

मी काय केलं? अंडी वाटली. दहा वाजताची अंडी साडेनऊला वाटून टाकली.

तर आता, त्या माशा काय होत्या, आणि येत्या रविवारी मी पोरांसमोर काय तोंड घेऊन जाऊ? शिवाय आपल्या मातीतले, आपल्या आजूबाजूचे असे काही धडे सुचत असतील तर द्या बाबांनो, मेपलचं पान नको आता.

वसईचं_केळफूल | सोमवार, रात्री ११:०५

अगं बाई!!! "दहा वाजताची अंडी साडेनऊला वाटून टाकली" वाचून फुटले मी. सॉरी. पण फुटले.

उद्या सविस्तर लिहिते.

खोडकिडा | सोमवार, रात्री ११:३१

ताई, ती गांधीलमाशीच्या खानदानातली आहे पण माणसाला काही करत नाही, घाबरू नका. वर्णनावरून टेरोमॅलस जातीतली वाटतेय, फोटो असता तर बरं झालं असतं. हिची मादी काय करते ऐका, अळी मोठी झाली की तिच्या अंगावर जाऊन चक्क बसून राहते, वाट बघत. अळीने कात टाकून कोष केला की पहिले काही तास तो कोष मऊ असतो, तेवढ्यात ही आत अंडी घालते. नंतर कोष कडक झाला की तिचं काही चालत नाही. म्हणजे तुमचा लाजर तुम्ही बरणीत घालायच्या आधीच गेलेला होता, तुमची चूक वगैरे काही नाही.

आता माझी बाजू. मी शेतीवाला माणूस, ऊस. आमच्याकडे खोडकिड्यासाठी (आयडीवर जाऊ नका) ट्रायकोकार्ड लावतात. पोस्टकार्डासारखं कार्ड असतं, त्यावर बारीक बारीक अंडी चिकटवलेली, ते कापून उसाच्या पानामागे स्टेपल करायचं. त्यातून निघणाऱ्या माशा जाऊन किडीच्या अंड्यात आपली अंडी घालतात, कीड जन्मायच्या आधीच खलास. आम्ही पैसे मोजून आणतो त्या माशा, मित्रकीटक म्हणतो त्यांना. तुम्ही धडा फुलपाखराच्या बाजूने लिहिला म्हणून माशी व्हिलन झाली. कुंडीतल्या कढीलिंबाला विचारा, तो म्हणेल देवाने माझी प्रार्थना ऐकली.

नास्तिक_नाना | मंगळवार, सकाळी ७:५०

सुप्रभात. मी या विषयात पडणार नव्हतो पण राहवत नाही. हलके घ्या.

हाच प्रश्न डार्विनला पडला होता. १८६० साली आसा ग्रे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ मित्राला त्याने पत्र लिहिलं, की जिवंत अळीला आतून खाणाऱ्या या माश्या कुणा दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या असतील हे काही माझ्या मनाला पटत नाही. आणि गंमत म्हणजे तो ग्रे पक्का श्रद्धाळू ख्रिस्ती होता, तरी शेवटपर्यंत डार्विनचा पाठीराखा राहिला. असो.

माझा मुद्दा वेगळाच आहे. कोषातली अळी मेलेली नसतेच, त्यामुळे ते मरण पण नाही आणि पुनरुत्थान पण नाही, ती फक्त वाढतेय. तुम्ही लोक निसर्गातून सोयीचं तेवढं उचलता आणि गैरसोयीचं बरणीबाहेर ठेवता. या वेळी ते बरणीच्या आत निघालं, एवढंच.

पाळकांची_सून | मंगळवार, दुपारी १:१५

नाना, बरणीचं अर्धं पटलं.

मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात लग्न होऊन आले, सासरे पाळक, घरची तीन एकर. माहेर शहरातलं, त्यामुळे लग्नाआधी मला बायबलमधले शेतीचे दाखले म्हणजे नुसते शब्द होते. निदणाचा दाखला घ्या. मत्तय १३, शत्रू रात्री येऊन गव्हात निदण पेरून जातो आणि नोकर म्हणतात उपटून टाकू का, तर मालक म्हणतो नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मला वाटायचं काय येडा मालक आहे, आमच्याकडे बाया रोज लावून खुरपून घेतात. मग एकदा सासूबाईंबरोबर गव्हात खुरपायला बसले आणि तासाभरात मी मूठभर गहूच उपटला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्या हातातनं खुरपं काढून घेतलं :) तिकडचं ते निदण म्हणजे गव्हासारखंच दिसणारं गवत, ओंबी बाहेर पडेपर्यंत ओळखू येत नाही आणि मुळं एकमेकांत गुंतलेली. मालक येडा नव्हता, माझ्यासारख्या नोकरांना ओळखून होता.

सांगायचं काय, की प्रभूने दाखले दिले ते ज्यांचे हात मातीत होते त्यांना दिले. त्यांना गव्हात काय काय होतं सगळं माहीत होतं, कीड, पाखरं, काटेरी झुडपं, खडक. पेरणाऱ्याच्या दाखल्यात चारातलं तीन वाटेचं बी वाया जातं! कुणी ते बरणीबाहेर ठेवलेलं नाही.

आणि अजून एक. आपण टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतो, पण शाळेत शिकलेली ती जखमी पक्षिणीची कविता, तडफडत पिलांकडे येते ती, ती पण रेव्हरंड टिळकांचीच. फुलांवर लिहिणाऱ्या माणसाने रक्त पण लिहिलं. मग पोरांपासून तुम्ही का लपवताय कढीलिंबताई?

कढीलिंब | मंगळवार, दुपारी २:०२

लपवलं नाही हो, अंडी वाटली :( पण हो. लपवलंच.

वसईचं_केळफूल | मंगळवार, रात्री ९:२०

आले. पोरांची जेवणं झाली.

आपल्या मातीतले धडे मागितलेस ना, तर पहिला मासळी बाजारातला. मत्तयमध्ये आहे की दोन चिमण्या दमडीला मिळतात. आणि लूकमध्ये आहे पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करा! दमडीला दोन तर दोन दमड्यांना चार. पाचवी कुठून आली? आमच्या कोळणीला विचारा, ती लगेच सांगेल. चार बोंबील घेतले की एक वर टाकते ती, "घे बाय, पोराला तळून घाल." पाचवी चिमणी म्हणजे तो वरचा बोंबील, तिला किंमतच नाही, फुकट टाकलेली. आणि प्रभू म्हणतो देव तिलाही विसरत नाही. मी हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलं तेव्हा पोरांना चिमणीपेक्षा बोंबील जास्त कळला.

मेपलच्या पानाबद्दल. आपल्याकडे फादर स्टीफन्स आले १५७९ मध्ये, जन्माने इंग्रज, त्यांचं ख्रिस्तपुराण (मराठी ओवीबद्ध काव्य) छापलं गेलं १६१६ मध्ये गोव्यात. त्यांना मराठी भाषेचं कौतुक करायचं होतं तर म्हणाले फुलांमध्ये जशी मोगरी. इंग्रज माणूस, गुलाब नाही म्हणाला, मोगरी म्हणाला. चारशे वर्षं झाली आणि आपण अजून बर्फाचे कण रंगवतोय.

अजून एक आहे, झावळ्या. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी आम्ही घरी खुरसाजवळ (क्रूसाजवळ) लावून ठेवतो. वर्षभरात ती हिरवीची पिवळी, पिवळीची तपकिरी होते, हात लावला की भुगा पडतो. पुढच्या वर्षी त्या गोळा करून जाळतात आणि तीच राख, राखेच्या बुधवारी कपाळाला. आदल्या वर्षी होसान्ना म्हणून हलवलेलं पान. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, माझ्या मुलीने राख लावून घेताना एकदाच विचारलं होतं, "मम्मी, ही आपलीवाली झावळी का?"

(अवांतर: आमची बावखलं, म्हणजे वाडीतली जुनी तळी, बुजत चालली आहेत. फादर दिब्रिटो होते तोवर हरित वसईसाठी आवाज तरी उठायचा. निसर्गातले धडे शोधायला निसर्ग पण शिल्लक पाहिजे ना.)

बीरशेबाकर | मंगळवार, रात्री ११:५८

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आजोबा अलिबागकडचे, आम्ही इथे इस्रायलमध्ये. धागा तुम्हा ख्रिस्ती मंडळींचा आहे, पण झाडं आमच्या अंगणातली आहेत म्हणून घुसतो.

मोहरीचा दाखला (एवढासा दाणा, त्याचं झाड होतं आणि पाखरं येऊन राहतात) तुम्ही लोक नेहमी सांगता आणि मराठी माणसाला तो पोचत नाही कारण आपली मोहरी फोडणीत. आजी म्हणायची मोहरीचं कसलं आलंय झाड. इथे गालीलकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर पिवळंधमक, काही ठिकाणी माझ्या डोक्याच्या वर. कुणी लावलेली नाही, तण आहे ते, माजतं नुसतं. उन्हाळ्यात वाळून त्याचा दांडा लाकडासारखा होतो, त्यावर पाखरं बसतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे तुमच्या येशूने देवाच्या राज्याला वडाची नाही, एका न हटणाऱ्या तणाची उपमा दिली. वडाची दिली असती तर कुणाला पटलं नसतं का?

आणि येशूच्या बोलण्यातली "रानातली फुलं" म्हणता ती बहुतेक कलानीत (ॲनिमोन) असावीत असं बरेच लोक म्हणतात. लालभडक. आमच्या बाजूला, नेगेव वाळवंटाच्या उत्तरेला, जानेवारी-फेब्रुवारीत सगळा मुलूख लाल होतो. नंतर ऊन तापलं की एक दिसत नाही. आज आहे नि उद्या चुलीत, हे इथे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

अंजिराचं पण लिहिणार होतो पण बायको झोप म्हणतेय.

खोडकिडा | बुधवार, सकाळी ६:४०

बीरशेबाकर, अंजिराचं लिहाच. सासवडकडे आमचे पाहुणे अंजीर करतात, पुरंदरचं, त्यांना तो प्रसंग फार खटकतो. येशूने हंगाम नसताना फळ मागितलं आणि मिळालं नाही म्हणून झाडाला शाप. पाहुणे म्हणतात, आम्हाला खट्टा बहार की मीठा बहार ते विचारायचं तरी!

बीरशेबाकर | बुधवार, दुपारी ३:३०

हा हा. थोडक्यात सांगतो. इथल्या अंजिराला मार्च-एप्रिलला, म्हणजे आमच्या वल्हांडण सणाच्या सुमाराला, पानं फुटतात त्याच वेळी जुन्या काडीवर बारीक हिरवी फळं येतात, हिब्रूत पग्गा म्हणतात. मुख्य हंगाम पुढे उन्हाळ्यात. पानं भरगच्च आणि पग्गा एकही नाही, तर त्या काडीचा पहिला बहार गेला. तेव्हा पिकलेलं अंजीर मागितलं नव्हतं, पानांमागे काहीतरी असेल एवढीच अपेक्षा, असं इथले लोक म्हणतात. बरोबर का चूक तुमचे पाळक जाणोत.

तुकयाचा_सोयरा | बुधवार, रात्री ८:१०

सगळा धागा वाचला, फार छान चाललंय. मी वारकरी घरातला, राग मानू नका, पण ताईंनी माशीचं लिहिलं तिथेच मी थबकलो. आमच्या भागवतात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, पृथ्वी, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी असे, एकनाथांच्या भागवतात ते विस्ताराने येतात. आणि त्यातला शेवटचा गुरू कोण माहितीये? माशीच! कुंभारीण माशी. ती अळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि ती अळी भीतीने त्या माशीचं सारखं ध्यान करत करत स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. ज्याचं ध्यान कराल ते व्हाल. तुमच्या पोरांनी जे पाहिलं तेच कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी पाहिलं, एकाच्या घरातून दुसराच निघाला, आणि त्यातून धडा काढला.

खोडकिडा | बुधवार, रात्री ८:२५

माउली, धडा भारी आहे पण माशीने अळीला डंख मारून बधिर करून आत ठेवलेली असते, पिल्लासाठी डबा म्हणून. अळीची माशी होत नाही. माशीचं पिल्लू अळी खातं.

तुकयाचा_सोयरा | बुधवार, रात्री ८:३१

माहितीये हो. कुंभारणीचं घर फोडून पाहिलंय लहानपणी, आजोबांनी धपाटा घातला होता.

नास्तिक_नाना | बुधवार, रात्री ९:०३

म्हणजे स्कोअर बघा. फुलपाखराचा धडा, निरीक्षण चूक. कुंभारणीचा धडा, निरीक्षण चूक. आणि तुमच्या योहानात गव्हाचा दाणा जमिनीत पडून "मेला" तरच पीक देतो, तेही चूक, मेलेला दाणा कुजतो, उगवतो तो जिवंत दाणा. पायाच कच्चा तर वरची माडी कशी उभी?

पाळकांची_सून | गुरुवार, सकाळी ११:४५

नाना, तुमच्यासाठी आत्ता परसात गेले. सासऱ्यांनी पाखरांना टाकलेले गहू नळाशेजारी उगवलेत, वीतभर झालेत. एक हळूच मुळासकट ओढून काढला, धुतला. दाणा अजून मुळाशी चिकटलेला असतो. चिमटीत धरून दाबला, पातळ पांढरं पाणी आलं आणि हातात उरलं नुसतं टरफल, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. पिठाचा कण नाही. सगळं वर गेलं त्या हिरव्या पात्यात.

तुम्ही म्हणता दाणा मेला नाही. बरं, मेला नाही. मग दाणा कुठाय ते दाखवा.

वनस्पतीशास्त्रात याला काय म्हणायचं ते म्हणा, पण ज्याने पहिल्यांदा हे टरफल चिमटीत धरलं त्याला "स्वतःला रितं केलं" हे कळायला पुस्तक लागलं नसणार. कोषाचा धडा आपण पुस्तकातून घेतला आणि निसर्गाला म्हटलं आता कर तसं. हा उलटा आहे, आधी चिमटीत आला.

नास्तिक_नाना | गुरुवार, दुपारी १२:२०

टरफल आवडलं. देव नाही पटला, टरफल पटलं. पुढे चालू द्या.

वसईचं_केळफूल | गुरुवार, दुपारी १२:२४

नानांना अंडं द्या कुणीतरी.

कढीलिंब | रविवार, दुपारी ४:१०

अपडेट द्यायला आले.

आज रिकामा कोष तसाच बरणीत घालून नेला. पोरांना सरळ सांगितलं की हो, लाजरला आतून खाल्लं, आपण बरणीत ठेवायच्या आधीच माशीने अंडी घातली होती. खोडकिडादादांचं ट्रायकोकार्ड पण सांगितलं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला ८ वा अध्याय वाचला, सगळी सृष्टी कण्हतेय, वेणा देतेय, वाट बघतेय ते. "कण्हणं म्हणजे काय टीचर?" तर मी सांगायच्या आधीच मागच्या रविवारी रडलेली ती म्हणाली, "आजी उठताना करते ते." मग मी पुढे काही समजावलंच नाही.

चौथीतल्या महाशयांनी विचारलं, की मग देवाला लाजरचं माहीत होतं का. मी म्हटलं पाचवी चिमणी माहीत असते तर अळी पण असणार. तो म्हणाला, मग वाचवलं का नाही. मी म्हटलं मला माहीत नाही. वर्गात पहिल्यांदा म्हटलं असेन हे, आणि आभाळ काही कोसळलं नाही. त्याने फक्त कोष मागितला, घरी न्यायला. दिला.

मग प्रत्येकाला नारळाच्या करवंटीत माती आणि पाच-पाच गहू. दोन आठवड्यांनी उपटून चिमटीत धरायचे, तोवर हात लावायचा नाही, फक्त पाणी. मार्कमधला तो माणूस सांगितला, बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याचं त्यालाच कळत नाही.

आत्ता चौथीतल्याच्या आईचा फोन आला. घरी पोचल्यापासून त्याने करवंटी तीन वेळा उकरून बघितलीये.